दोन रुमाल आणि एक फडके

वाचकहो, भांडी पुसण्याच्या फडक्यावर कोणी लेख लिहील असे आपणांस वाटले नसेल. आम्हांसही कधी वाटले नव्हते. फडके म्हणजे घरातील शेवटची वस्तू. धोतर विरले, साडी फाटली, गंजीफ्रॉकला भोके पडली, की त्याचे फडके होते. आणि फडकेही विरले की त्याचे मसोते होते. कापडाच्या आयुष्याचा हा उतार आपल्या सर्वांच्या घरी ठरलेला असतो. मुद्दाम नवे सूत आणून फडके करणे ही उधळपट्टी, असे आमच्या आईचे मत होते, आणि त्याच मताने आमचे घर चालले. परंतु गेल्या वर्षी एका फडक्याने आम्हांस असा प्रश्न विचारला की, त्याचे उत्तर शोधता शोधता आमच्याच वागण्याची उलटतपासणी झाली. ती आपणांपुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

भोपाळ शहराच्या दक्षिणेस कोलार रोड आहे. चुना भट्टीकडून निघून, सर्वधर्म कॉलनीजवळ कलियासोत नदीचा पूल ओलांडून हा रस्ता पुढे जातो. ज्या कोलार धरणाचे पाणी भोपाळच्या नळांना येते, त्यावरून त्याचे नाव. पूर्वी येथे शेते आणि लहान गावे होती. मग वसाहती वाढल्या, आणि २०१४ साली हा सारा भाग भोपाळ महानगरपालिकेत सामील झाला. नोकरीच्या निमित्ताने विदर्भ-खानदेशातून आलेली काही मराठी कुटुंबे निवृत्तीनंतर येथेच स्थिरावली. त्यांपैकी ख्रिस्ती घरांत आळीपाळीने प्रार्थना भरते, आणि वचन सांगण्यासाठी आम्ही तेथे जात असतो.

या प्रार्थनेला सत्तरी उलटलेल्या एक मावशी येतात. मूळच्या अमरावतीकडच्या. पती निवर्तून बरीच वर्षे झाली. मुलगा दूर नोकरीला आहे. लहानपणी वसतिगृहात शिकलेले क्रोशाचे विणकाम त्यांच्या बोटांतून अद्याप गेलेले नाही. गीतांची पुस्तके वाटली जाईपर्यंत त्यांच्या दोन ओळी विणून होतात. आम्ही नवीन घरात राहावयास गेलो, तेव्हा अर्पणाच्या प्रार्थनेला येताना त्यांनी आम्हांस एक फडके भेट दिले. वीतभर लांब, वीतभर रुंद, पांढऱ्या जाड सुती दोऱ्याचे, आणि सबंध अंगावर ज्वारीच्या दाण्यासारखे उठावदार दाणे.

ते दाणे कसे आले, असे आमच्या पत्नीने विचारले. तेव्हा मावशींनी तेथल्या तेथे सुई काढून दाखविले. आधी चाळीस टाक्यांची साखळी. मग एक मुका खांब, एक खांब. पुन्हा एक मुका खांब, एक खांब, असे ओळ संपेपर्यंत. ज्यांस क्रोशे ठाऊक नाही त्यांच्याकरिता सांगतो: खांब हा उंच टाका, आणि मुका खांब हा बुटका. पुढच्या ओळीला जेथे खाली उंच खांब असेल तेथे वर मुका खांब घालावयाचा, आणि जेथे मुका असेल तेथे उंच. टाके समसंख्येत घेतले म्हणजे प्रत्येक ओळ आपोआप मुक्या खांबानेच सुरू होते. उंच खांबाला दोन्ही बाजूंनी दोन बुटके आवळून धरतात. त्याला ताठ उभे राहता येत नाही, म्हणून तो किंचित पुढे फुगतो, आणि तोच दाणा. काठावरचा एक टाका चुकला तर चौकोनाचा हळूहळू त्रिकोण होऊ लागतो. पण क्रोशात सुईवर एकच फासा जिवंत असतो, त्यामुळे चूक कळताच हवे तेवढे उसवून त्याच दोऱ्याने पुन्हा विणता येते.

"हे दाणे शोभेचे नाहीत बरं का," मावशी म्हणाल्या, "हे घासायला आहेत."

आम्ही त्यांचे आभार मानले. फडके हाती घेऊन सर्वांना दाखविले. आणि मग ते बैठकीतल्या काचेच्या कपाटात, मुलाच्या बक्षिसाच्या पेल्याशेजारी, नीट घडी घालून ठेवून दिले. स्वयंपाकघरात आमच्या जुन्या बनियनचा तुकडा पूर्वीप्रमाणेच भांडी पुशीत राहिला.

दोन वर्षे गेली. गेल्या वर्षी पुन्हा आमच्या घरी प्रार्थना होती. मावशी आल्या, कपाटासमोरच्या खुर्चीवर बसल्या, आणि त्यांची नजर काचेआड गेली.

"भाऊ, हे अजून कोरेच?"

"मावशी, इतके सुबक काम! भांड्यांना लावायचे जिवावर येते."

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "कपाटात ठेवायचे असते तर मी बारीक दोऱ्याचे केले असते, कडेला नक्षी घातली असती. हा जाड दोरा मी कामासाठी घेतला होता." त्यांचा हात पिशवीत गेला होता. पिशवीतून पांढऱ्या दोऱ्याचे दुसरे फडके अर्धे बाहेर आलेले आम्हांस दिसले. पहिले एव्हाना विरले असेल असे समजून त्यांनी नवे विणून आणले होते. त्यांनी ते पुन्हा आत सारले आणि पिशवीचे तोंड मिटले.

त्या संध्याकाळी आम्ही काय प्रवचन केले ते आज आठवत नाही. ती पिशवी मात्र आठवते.

प्रार्थना आटोपून सर्व घरी गेल्यावर आम्हांस आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती अधिक बोचली. त्याच वर्षीच्या कापणीच्या सणात लिलाव पुकारण्याचे काम आमच्याकडे होते. भोपळे, पपया, लोणची यांच्याबरोबर मावशींनी विणलेली सहा फडकीही आली होती. त्यांना बोली लागेना. तेव्हा लोकांना हसवावे म्हणून आम्ही म्हणालो की, पुसायचेच तर आहे, घ्या दहाला एक! हशा पिकला, आणि सहा फडकी साठ रुपयांना गेली. मावशीही हसल्या होत्या, किंवा निदान आम्हांस तसे वाटले होते.

त्या रात्री आम्ही कागद घेऊन हिशेब केला. चाळीस टाक्यांची एक ओळ, अशा तीस ओळी, म्हणजे एका फडक्यात बाराशे टाके. म्हाताऱ्या डोळ्यांना आणि आखडलेल्या बोटांना त्यासाठी दोन-तीन तास सहज लागतात. सूत विकत आणलेले. दहा रुपयांत सुताची किंमतही निघाली नसती, मग हातांची कोठून? आणि तेव्हा ध्यानात आले की, एकाच वस्तूचा आम्ही दोनदा अपमान केला होता. घरी आम्ही ती वापरण्यास फार चांगली ठरविली. लिलावात मोल देण्यास फार क्षुल्लक ठरविली. दोन्ही वेळा आम्ही हसतमुख होतो, आणि दोन्ही वेळा आपण कौतुकच करीत आहोत अशी आमची समजूत होती.

तेव्हा प्रश्न असा: हलक्या कामासाठी केलेल्या उत्तम वस्तूचा मान कशात आहे? तिला जपून ठेवण्यात, की झिजविण्यात?

प्रथमदर्शनी जपून ठेवणेच बरोबर वाटते. आपल्याकडे क्रोशाचे काम म्हणजे रुखवतात मांडण्याची वस्तू. रेडिओवरचा रुमाल, तांब्यावरची जाळी, दारावरचे तोरण, असे कितीतरी नमुने आपल्या आयाबहिणींनी केले आणि जपले. शोभेची वस्तू शोभेसाठी ठेवणे यात काही गैर नाही. परंतु प्रत्येक वस्तूत ती करणाऱ्याचा हेतू विणलेला असतो. सुती दोरा पाणी शोषतो, उकळत्या पाण्यात टाकला तरी बिघडत नाही, आणि ओला झाला की कमकुवत न होता उलट अधिक बळकट होतो. लोकर गरम पाण्यात आटून घट्ट होते. कृत्रिम धागा पाणी नीट टिपत नाही आणि तापल्या भांड्याला चिकटतो. फडक्याला सूतच का, याचे हे उत्तर आहे. दाणे का, तर खरकटे निघावे म्हणून. चौकोन लहान का, तर तो हातात मावावा, लवकर वाळावा आणि ओलसर राहून कुबट होऊ नये म्हणून. या फडक्याचा सुबकपणा त्याच्या कामाहून वेगळा काढता येत नाही. ते कपाटात ठेवणे म्हणजे त्याच्या सौंदर्याचा अर्धा भाग बंद करून ठेवणे होय. डेन्मार्कमध्ये आणि अमेरिकेत हाताने विणलेली सुती फडकी स्वयंपाकघरात रोज वापरण्याची चाल आहे. ती विरतात म्हणून तेथे कोणी हळहळत नाही, नवी विणतात.

येथे आम्हांस पवित्र शास्त्रातले दोन रुमाल आठवले. पहिला रुमाल लूकच्या शुभवर्तमानातील मोहरांच्या दृष्टांतात आहे. धन्याने व्यापारासाठी दिलेली मोहर एका दासाने रुमालात बांधून ठेविली. मोहर हरवली नाही, मळली नाही, जशीच्या तशी परत आली. तरीही धनी प्रसन्न झाला नाही. दुसरा रुमाल योहानाच्या शुभवर्तमानात आहे. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभूने तो कमरेला बांधला आणि शिष्यांचे पाय धुऊन त्याने पुसले. मूळ ग्रीक भाषेत या दोन वस्त्रांना दोन वेगळे शब्द आहेत, आणि दोन प्रसंगांचा परस्परांशी थेट संबंध नाही, हे आम्ही जाणतो. परंतु दोन्ही शेजारी ठेवून पाहा. एक रुमाल स्वच्छ राहिला, आणि त्याबरोबर एक मोहर वाया गेली. दुसरा मळला, आणि त्याच्या मळण्यातून सर्व पिढ्यांस सेवा म्हणजे काय ते समजले. भीतीने सांभाळलेली वस्तू व प्रीतीने वापरलेली वस्तू यांतला भेद याहून स्पष्ट दाखविता येईल असे आम्हांस वाटत नाही. आमच्या कपाटातले फडके पहिल्या रुमालाच्या जातीचे झाले होते. ते करणारीने मात्र ते दुसऱ्याच्या जातीचे म्हणून विणले होते.

परंतु वाचकहो, येथेच थांबलो तर आमची अर्धी चूकच दुरुस्त होईल. झिजणे हाच फडक्याचा मान, हे खरे. त्यावरून कोणी असे म्हणेल की, झिजणे हाच मावशींचाही मान आहे. मग त्यांना मोल कशाला? हा फार घातकी तर्क आहे, आणि धार्मिक लोकांच्या तोंडी तो फार गोड लागतो. या तर्काचा परिणाम काय होतो, त्याचे मोठे उदाहरण आपल्याच देशात आहे.

क्रोशाची कला तशी जुनी नाही. आजच्या रूपात ती सुमारे दोनशे वर्षांची आहे. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचे पीक बुडून दुष्काळ पडला, तेव्हा क्रोशाच्या लेसने अनेक घरांत भाकरी आली. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात मिशनरी कुटुंबांनी गोदावरीच्या खालच्या काठी स्त्रियांस हे काम शिकविले. जी गोदावरी आपल्या नाशिकजवळ उगम पावते, तीच समुद्राला मिळते त्या बाजूला आंध्र प्रदेशात नरसापूर आहे, आणि तेथली क्रोशाची लेस देशोदेशी जाते. हेतू चांगला होता: दुष्काळात गांजलेल्या बायांना चार पैसे मिळावे. पुढे व्यापार वाढला. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी या स्त्रियांचा अभ्यास करून १९८२ साली पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी दाखविले की, घरकाम सांभाळून रोज कित्येक तास लेस विणणाऱ्या या स्त्रियांना कोणी कामगार म्हणतच नव्हते. त्या गृहिणी, आणि विणकाम म्हणजे त्यांचा रिकामा वेळ, असे ठरले होते. रिकाम्या वेळाला मजुरी ती काय द्यावयाची? व्यापारी वाढले, विणणारीच्या हाती फार थोडे पडले.

आणि हेही लक्षात ठेवावे की, क्रोशासारखे दिसणारे कापड यंत्रावर निघते, पण खरा क्रोशे आजही हातानेच विणावा लागतो. तेव्हा दुकानात तो कवडीमोलाने मिळाला, तर तेथे यंत्राने किंमत उतरविलेली नसते. कोणाच्या तरी हातांना कमी मिळालेले असते. भोपाळच्या जुन्या शहरात जरीचे काम आणि मण्यांचे बटवे करणाऱ्या स्त्रिया आहेत. घरात बसून, नगावर मिळणाऱ्या दामात डोळे शिणविणाऱ्या हातांना हे सांगण्याची गरज नाही. गरज आम्हांला होती. 'पुसायचेच तर आहे' या आमच्या विनोदात व्यापाऱ्यांचा तोच तर्क बोलत होता.

आपल्या मंडळ्यांच्या इतिहासात याहून चांगला धडाही आहे. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून अनाथ मुलींना आणले, आणि केडगावच्या मुक्तिसदनात त्यांना विणणे, शिवणे, शेती, छपाई अशी कामे शिकविली. रमाबाईंनी केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर तेथल्या स्त्रियांच्याच हातांनी छापले गेले. तेथे हाताचे काम हा रिकामा वेळ घालविण्याचा मार्ग नव्हता. ज्यांना समाजाने टाकले होते त्यांना पायावर उभे करण्याचा तो मार्ग होता. काम तेच, सुई तीच. ती धरणारीला आपण काय समजतो, यावर सारे अवलंबून आहे.

हलके काम पवित्र आहे, असे आम्ही अनेकदा व्यासपीठावरून सांगितले आहे. ते खोटे नाही. परंतु ते कोण कोणाला सांगतो, हे पाहावे लागते. मार्टिन लूथरने १५२२ साली विवाहाविषयी लिहिताना बाळाची दुपटी धुणाऱ्या माणसाची थोरवी सांगितली. लोक त्याला हसले तरी देव त्याच्यावर प्रसन्न असतो, असा त्याचा आशय आहे. आम्ही हे उदाहरण पुष्कळदा दिले. पण तेथे दुपटी धुणारा बाप आहे, आई नव्हे, इकडे आम्ही कधी लक्ष दिले नाही. प्रभूनेही रुमालाचे महत्त्व मार्थेला सांगितले नाही. त्याने तो स्वतः बांधला. शिष्यांत जो सर्वांत वडील त्यानेच तो उचलला. सेवेची थोरवी दुसऱ्याच्या हातात फडके देऊन सिद्ध होत नाही. ते आपल्या हातात घेऊनच होते.

या विचाराने आम्ही तीन गोष्टी केल्या. पुढच्या रविवारी मावशींच्या घरी गेलो, आणि लिलावातील विनोदाबद्दल क्षमा मागितली. "त्यात काय एवढं, भाऊ," असे म्हणून त्यांनी चहा ठेविला, पण दुसऱ्या कपाला साखर घालताना त्यांचा हात थांबला आणि त्या म्हणाल्या, "मी सूत पेन्शनमधून आणते हो." एवढेच. दुसरी गोष्ट म्हणजे, महिला मंडळाच्या बैठकीत हा विषय मांडला. आता हाताने केलेली वस्तू विक्रीस आली की, आधी साहित्याची किंमत आणि लागलेले तास कागदावर लिहावयाचे, आणि त्याखाली बोली सुरू करावयाची नाही, असे ठरले आहे. काही जणांना हे कडक वाटते. विक्री थोडी कमी झाली, हे खरे आहे. पण आता लिलावात कोणी त्या वस्तूंना हसत नाही.

तिसरी गोष्ट घरातली. कपाटातून फडके काढले, आणि रात्रीची भांडी पुसण्याचे काम आम्ही स्वतःकडे घेतले. पहिले काही दिवस मुलांना गंमत वाटली, पत्नीला संशय. आता कोणाला काही वाटत नाही. त्या फडक्याला हळदीचे डाग पडले आहेत. उकळूनही ते पूर्ण जात नाहीत. दाणे थोडे बसले आहेत, सूत मऊ झाले आहे, आणि एका कोपऱ्याचा धागा सुटू पाहतो आहे. काही महिन्यांनी मावशी घरी आल्या, तेव्हा आम्ही ते त्यांच्या हाती दिले. त्यांनी उजेडात धरून पाहिले, त्या कोपऱ्यावर बोट फिरविले, आणि म्हणाल्या, "आता झालं हे फडकं." पिशवीतून दुसरे निघाले. या खेपेस आम्ही ते कपाटात ठेविले नाही.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एक सूचना करावीशी वाटते. यापो गावच्या टबीथेची गोष्ट आपण मुलांना सांगतो. तिला दुर्कस असेही म्हणत. ती मरण पावली, तेव्हा विधवांनी रडत रडत पेत्राला तिने केलेली वस्त्रे दाखविली. ती वस्त्रे कपाटातली नव्हती. त्या ती वापरीत होत्या. हा धडा घ्याल तेव्हा मुलांच्या हाती थोडे सूत द्या, मुलींच्या आणि मुलग्यांच्याही. चाळीस टाक्यांची साखळी त्यांना घालू द्या. बोटे दुखली म्हणजे घरच्या वस्तूमागे किती हात आहेत ते त्यांना न सांगता कळेल. आणि मुका खांब नसेल तर दाणा उठत नाही, हेही त्यांना दिसेल. आपल्या मंडळीत खांब म्हणून ओळखले जाणारे बरेच आहेत. त्यांना उठाव देणारे मुके खांब त्याहून अधिक आहेत. त्यांची नावे अहवालात येत नाहीत, पण प्रत्येक ओळ त्यांच्यापासून सुरू होते.

आणि वाचकहो, आपणांस एवढीच विनंती की, आज घरी गेल्यावर आपलेही काचेचे कपाट एकदा उघडून पाहावे. कोणी तरी प्रीतीने, कामासाठी म्हणून दिलेली एखादी वस्तू तेथे घडीत पडून असेल. ती बाहेर काढावी, आणि जिने ती केली ती हयात असेल तर मळल्यावर तिला दाखवावी.